आता बघा हं!

रसायन शिकवणारे सर ओळखायला त्यांची पदवी विचारावी लागत नाही, शर्ट पाहिला की पुरे. पोटाच्या डाव्या अंगाला आणि उजव्या बाहीच्या कडेला मोहरीएवढी भोके असतात. ती उंदराने पाडलेली नसतात की विडीच्या ठिणगीचीही नसतात. विरल सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सुती कापडावर पडला तर त्या क्षणी काहीच होत नाही. सर तो पुसतात आणि विसरतात. पाणी उडून जाते, आम्ल जागेवरच राहून तीव्र होत जाते आणि पुढच्या धुण्याला कापड तेवढ्या जागी बोटाखाली विरते. घरात मग एवढेच म्हटले जाते, "या आठवड्यात प्रयोग झाला वाटतं."

दुसरी खूण बोटांवर असते. पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी डाग साबणाला दाद देत नाही, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा सरांची बोटे बघून जरा सरकून बसतो. सरांना त्याचे काही वाटत नाही. डाग लिंबाने जातो हे ते त्या पाहुण्याला सांगतात, का जातो तेही सांगतात आणि जिलबी येईपर्यंत ऑक्सिडीकरण आणि क्षपण दोन्ही संपवतात.

असे सर तालुक्याच्या गावी निदान एक तरी असतातच. टोपणनावे निरनिराळी. एका शाळेत त्यांना 'मोरचूद' म्हणतात, दुसऱ्या शाळेत 'फसफस'. एक वाक्य मात्र सगळ्यांचे सारखे. परीक्षानळी वर्गाकडे धरून, दोन्ही भुवया कपाळात चढवून ते म्हणतात, "आता बघा हं!" आणि त्यानंतर बहुधा काहीच होत नाही.

त्याच शाळेत विज्ञानाचे दुसरेही एक सर असतात. त्यांचा प्रयोग आजवर फसलेला नाही, कारण तो फळ्यावर होतो. खडूने शंकुपात्र काढायचे, त्यातून नळी काढायची, बाणापुढे 'हायड्रोजन' लिहायचे आणि म्हणायचे, "समजा, इथं जळती काडी धरली." मुले समजतात. "तर फट्ट असा आवाज होईल." तो आवाज सरांच्या तोंडातूनच निघतो आणि सगळा हायड्रोजन तेवढ्यात आटोपतो. या सरांचा अभ्यासक्रम दिवाळीच्या आगेमागे पुरा होतो, शर्ट शाबूत राहतो आणि पालकसभेत त्यांच्या नावाला टाळ्या पडतात. आपले सर तेव्हा तिसऱ्या धड्यात असतात. मला विचाराल तर माझे मत आपल्या सरांना; पण पालकसभेत मतदान नसते.

तिसरा धडा म्हणजे दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पहिल्या भागातला 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे'. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन, मग क्षरण आणि शेवटी खवटपणा. लेखीचे 40 आणि 40 गुण, प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 गुण शाळेच्याच हाती असल्यामुळे ज्याने परीक्षानळी लांबूनच पाहिली त्यालाही 18 पडतात, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. सर मात्र या 20 गुणांसाठी जीव टाकतात. "अरे, अभिक्रिया वाचायची नसते, ती घडताना बघायची असते," असे ते दर वर्षी म्हणतात आणि वर्गाला घेऊन प्रयोगशाळेकडे निघतात.

प्रयोगशाळा म्हणजे एका लांबट खोलीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्या भागात स्नेहसंमेलनाचे पडदे, लेझमा आणि मोडक्या बाकांचे पाय. दोन ओटे आहेत, नळ आहेत, नळांना पाणी नाही. आणि काचेचे एक कपाट आहे, ज्याची किल्ली मामांच्या करगोट्याला असते. मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी सरांपेक्षा जुनी आणि डेडस्टॉक रजिस्टर तोंडपाठ.

"मामा, जरा हिराकस काढा."

"कुठला देऊ सर, हिरवा का तपकिरी?"

"हिराकस हिरवाच असतो हो."

"आपला तपकिरी झालाय. मागच्या हेडसरांच्या वेळची बाटली."

सर बाटली हातात घेतात, उजेडाकडे धरतात आणि त्यांचा चेहरा फुलतो. "म्हणजे हवेनं फेरसचं फेरिक केलं!"

"खराब झाला म्हणा की."

"खराब नाही मामा, अभिक्रिया झाली."

"तेच ते," म्हणून मामा कपाट लावून घेतात. या दोघांचा हा वाद गेली कित्येक वर्षे चालला आहे आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. नवीन बाटलीचा विषय हेडसरांपर्यंत गेला की एकच उत्तर मिळते, "वेतनेतर अनुदान आलं की बघू." हे वाक्य हेडसरांनी मागच्या हेडसरांकडून चार्जमध्ये घेतलेले असते.

कपाटाच्या माथ्यावर धुळीत किपचे उपकरण बसलेले आहे. एकावर एक असे काचेचे तीन फुगे. डेल्फ्टच्या पेत्रुस किप नावाच्या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काढलेली ही युक्ती अजून जुन्या शाळांत आढळते. पूर्वी त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करत. सडक्या अंड्यांचा तो वास आधी वर्गात, मग व्हरांड्यात आणि मग शेजारच्या संस्कृतच्या तासाला पोहोचे; तिथे बाकाखाली कोणी काय केले याची चौकशी सुरू होई आणि एखादा निरपराध मुलगा अंगठे धरून उभा राही. वायू विषारी असल्याने ते बंद झाले, हे बरेच झाले. पण सर त्या उपकरणाखालून जाताना अजून एकदा वर बघतात.

पहिला मान मॅग्नेशियमच्या फितीचा. फीत स्पिरिटच्या दिव्यावर धरली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो आणि मागे पांढरी राख उरते. पुस्तकात तसे लिहिले आहे. सर चिमट्यात फीत धरतात. "डायरेक्ट बघू नका, डोळे जातील. आता बघा हं!" बघू नका आणि बघा या दोन आज्ञा एकदम सुटल्यामुळे अर्धा वर्ग तोंडावर वही धरतो, अर्धा बोटांच्या फटीतून पाहतो. फीत लाल होते, वाकते आणि तशीच राहते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "सर, सेल गेला असेल." हशा.

"हसू नका. का पेटली नाही ते सांगा."

कोणी सांगत नाही. मग सर खिशातून पॉलिश पेपर काढतात (त्यांच्या खिशात रुमाल नसेल एक वेळ, पॉलिश पेपर असतो) आणि फीत घासायला लागतात. काळपट पापुद्रा जातो, खालून चांदी उघडी पडते. "हा वरचा थर म्हणजे ऑक्साइड. हवेनं आपल्या आधीच हात मारला होता. अभिक्रिया झालेलीच होती, फक्त हळू आणि आपल्याला न विचारता." या खेपेस फीत अशी पेटते की व्हरांड्यातून जाणारे पीटीचे सर आत डोकावतात. उजेड विझल्यावर वर्गाला दोन मिनिटे एकमेकांच्या तोंडावर जांभळे ठिपके दिसतात आणि त्या दोन मिनिटांत सर काय शिकवतात ते कोणालाच ऐकू जात नाही.

मग खिळा. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा दोऱ्याने सोडायचा. लोखंड तांब्याला हुसकून त्याची जागा घेते, खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका होत हिरवट होतो. सरांनी द्रावण हलवून जरा वर धरले, भुवया चढवल्या, एवढ्यात पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणतो, "सर, विस्थापन अभिक्रिया." त्याच्या क्लासमध्ये हा धडा मे महिन्याच्या सुटीतच झालेला आहे. नाटकाचा पडदा वर जायच्या आत खुनी कोण ते सांगणारा हा प्राणी हल्ली प्रत्येक वर्गात चार-पाच तरी सापडतो. सर त्याला रागवत नाहीत, पण त्यांचा आवाज बारीक होतो. "बाळा, ते नाव झालं. तुला दिसलं काय?" मुलगा नळीकडे बघतो, सरांकडे बघतो आणि पुन्हा म्हणतो, "विस्थापन."

बरे, खिळ्यावर थर लवकर चढतो. रंग उतरायला मात्र तासभरही कमी पडतो आणि शाळेचा तास 35 मिनिटांचा. घंटा होते. सर नळ्यांचा स्टँड खिडकीत ठेवतात आणि पुढच्या तासाच्या मराठीच्या बाईंना हात जोडून सांगतात, "एवढं हलवू नका हं बाई." बाई कविता शिकवतात, वर्गाच्या चाळीस जोड्या डोळे खिडकीत. तिसऱ्या कडव्याला बाईंचा संयम सुटतो. "काय आहे तरी काय तिथं?" म्हणून त्या स्वतः खिडकीशी जातात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, "अगबाई, खरंच तांब्याचा झाला की!" कवीला त्या दिवशी अर्थग्रहणाविनाच परत जावे लागते. एका वर्षी सरांनी बाजारातून पांढरे चकचकीत खिळे आणले, ते जस्ताचा मुलामा दिलेले निघाले. तांबूस थर राहिला बाजूला, खिळ्याभोवती काळा गाळ जमला. वर्ग म्हणाला, फसला. सर म्हणाले, कुठे फसला? आधी जस्ताने तांब्याला हुसकले. तांबे इतके बारीक होऊन बाहेर पडले की काळे दिसले. त्या गाळावर त्यांनी पुढचा एक तास घेतला. त्यांचा डिसेंबर असा जातो.

पण सरांचे खरे रूप पाहायचे तर चुन्याच्या निवळीच्या दिवशी पाहावे. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, हे पाचवीपासून सगळ्यांना पाठ असते. बाटलीतली निवळी चंचुपात्रात ओतली जाते, एका मुलाच्या हाती सरबताची नळी दिली जाते आणि सर तीनदा बजावतात, "फुंकायचं, ओढायचं नाही." तरी दर वर्षी एकजण ओढतो, तोंड वाकडे करून थुंकतो आणि चूळ भरण्यासाठी मामांबरोबर हौदावर रवाना होतो. दुसरा फुंकतो. बुडबुडे येतात. "आता बघा हं!" सगळे बघतात. बुडबुडे येतच राहतात. पाणी स्वच्छ. इतके स्वच्छ पाणी गावाच्या नळालाही येत नाही.

अशा वेळी फळ्यावरचे सर म्हणाले असते, "दुधाळ झालं असं लिहा." वर्गाने ते आधीच लिहिलेले असते. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार रकाने मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून आदल्या रात्री उतरलेले असतात. निरीक्षण प्रयोगाच्या आधी होणे ही आमच्या शालेय विज्ञानाची मोठीच प्रगती आहे. एका वर्षी मात्र खिडकीकडची एक मुलगी, जिचा आवाज हजेरीशिवाय कधी ऐकू आला नव्हता, उठून म्हणाली, "सर, बाटलीच्या तळाला पांढरं काय आहे?"

सरांनी बाटली उचलली. तळाशी पांढरा थर, गळ्याशी पांढरे कडे आणि बूच अर्धे झिजलेले. त्यांनी बाटली ओट्यावर इतक्या हळू ठेवली की मामांना वाटले, तडा गेला.

"पोरांनो, प्रयोग झाला. दिवाळीच्या सुटीत झाला. आपण कोणी नव्हतो, मामा गावाला गेले होते, बूच सैल होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत गेला आणि जो चुना तुमच्या श्वासाची वाट बघायचा, तो आधीच खडूसारखा होऊन खाली बसला. आता वर राहिलं ते नुसतं पाणी."

"म्हणजे खराबच की," मामा हौदावरून येत म्हणाले. पण नंतर त्यांनी जे केले ते रजिस्टरमध्ये कुठेच नाही. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, तिच्या टोकाचे झाकण उघडले आणि बोटभर चुना काढून सरांपुढे धरला. "हा चालंल का बघा. कालच भरलाय." सरांनी तो पाण्यात ढवळला, गाळणकागदातून गाळला आणि दहा मिनिटांत ताजी, नितळ निवळी तयार झाली. पुन्हा नळी, पुन्हा फुंकर. चार बुडबुड्यांत पाणी पांढरे. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मामांनी कॉलर ताठ केली.

फुंकणारा मुलगा कबड्डीच्या संघातला होता. टाळ्या ऐकून त्याला चेव आला. तो फुंकतच राहिला. सर फळ्यावर कॅल्शियम कार्बोनेट लिहीत होते, पाठ वर्गाकडे. पोरे मोजत होती, "शंभर! एकशे एक!" त्याचे गाल लाल झाले, डोळ्यांत पाणी आले आणि मग शांतता पसरली. सर वळले. चंचुपात्रातले दूध गायब. पाणी पुन्हा नितळ.

"सर, मी काही नाही केलं," तो मुलगा म्हणाला.

सरांनी त्याला मिठी मारायची बाकी ठेवली. ही गोष्ट त्यांनी मुद्दाम कधी वर्गात दाखवली नव्हती, कारण तेवढा दम त्यांच्याकडे उरलेला नव्हता. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की न विरघळणाऱ्या कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होते. ते पाणी दिव्यावर तापवले तर पुन्हा पांढरे. तापवले, झाले. बंबाच्या आत, गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या कडेला जो पांढरा थर चढतो तो हाच. चुनखडीच्या डोंगरात पाणी मुरून गुहा होतात त्याही याच रस्त्याने. फक्त डोंगराला दम जास्त. घंटा झालेली कोणाला ऐकू आली नाही. मराठीच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

वह्या तपासायला आल्या तेव्हा सगळ्या वह्यांत निरीक्षण एकच होते, 'चुन्याची निवळी दुधाळ झाली.' त्या मुलीच्या वहीत लिहिले होते: 'आधी काहीच झाले नाही. बाटलीतला चुना सुटीतच संपला होता. मामांच्या चुन्याने पांढरी झाली. मग फुंकत राहिल्यावर पांढरा रंग गेला.' अनुमानाच्या रकान्यात तिने फक्त 'बूच घट्ट लावावे' असे लिहिले होते. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. हेडसरांनी वर्गतपासणीला आलेल्या साहेबांपुढे ती वही ठेवली नाही. तंबाखूमुक्त शाळेत मामांच्या डबीचा लेखी पुरावा कोण दाखवणार?

समीकरणांच्या बाबतीत मात्र हेच सर एकदम करडे होतात. प्रयोग फसला तर ते हसतात, समीकरण असंतुलित राहिले तर त्यांना जेवण जात नाही. बाणाच्या डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे. आता दोन्ही बाजू जुळवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पाण्याच्या ओच्या पायाशी हळूच एक दोन लिहून टाकणे. तो मार्ग दर वर्षी कोणीतरी शोधतो. "गधड्या, पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड केलंस! जखम धुवायचं औषध ते! हेडसरांना तांब्यात भरून देतोस का?" सूत्राच्या आधी लिहायचा आकडा आणि पायाशी लिहायचा आकडा यांतला फरक या वाक्याने जितका पक्का होतो तितका पुस्तकाने होत नाही. मग सर लाव्हाझिएची गोष्ट सांगतात. तराजू घेऊन बसलेला हा फ्रेंच माणूस, अभिक्रियेच्या आधी आणि नंतर वजन सारखेच भरते हे त्याने दाखवले आणि 1794 साली पॅरिसमध्ये राज्यक्रांतीच्या गिलोटिनखाली त्याचे डोके गेले. सहामाहीत 'द्रव्य अक्षय्यतेचा नियम लिहा' असा प्रश्न येतो. नियम कोणालाच आठवत नाही, गिलोटिन सगळ्यांना आठवते. एका पठ्ठ्याने तर डोके आणि धड मिळून वजन तेवढेच भरले, असे लिहिले. सरांनी त्याला अर्धा गुण दिला, कारण चूक काढता येईना.

शाळा सुटली तरी सर सुटत नाहीत. गौरी-गणपतीच्या आधी आळीतल्या बायका चांदीची ताटे-वाट्या घेऊन त्यांच्याकडे येतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडलेली असते. सर पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरतात, कढत पाणी ओततात, मूठभर खाण्याचा सोडा टाकतात आणि वाटी फॉइलला टेकवून ठेवतात. काळेपणा डोळ्यांदेखत उतरतो, जरासा अंड्याचा वास येतो. "आजी, राखेनं घासलं की चांदी झिजते. यात काळा झालेला भागच पुन्हा चांदी होऊन वाटीवर बसतो." आजी वाटी हातात घेऊन तोलतात. "हलकी लागतेय रे." लाव्हाझिए इथे असता तर त्यालाही घाम फुटला असता.

दिवाळीत त्यांना फराळाला बोलावणे धोक्याचे. चिवड्याचा पहिला घास घेऊन ते क्षणभर डोळे मिटतात. यजमानीण बाई कौतुकाची वाट बघत उभी, आणि सर म्हणतात, "तेलाचं ऑक्सिडीकरण सुरू झालंय. डबा उघडा राहिला का?" वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन का भरतात, हे त्या घराला मग लाडू संपेपर्यंत ऐकावे लागते. नव्या शेजाऱ्याने मोरीच्या शहाबादी फरशीवर डाग जावेत म्हणून ॲसिड ओतले, फरशी फसफसली, तो घाबरून सरांकडे धावला, सर पाण्याची बादली घेऊन गेले खरे, पण आधी आपल्या मुलाला हाक मारली, "ये रे, कार्बन डायऑक्साइड बघायला ये." आणि कल्हईवाला दारावर आला की ते रजाच टाकतात म्हणा ना. तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडते, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कापसाच्या एका फटकाऱ्याने कथील चकाकत पसरते. नवसागर तापून सुटलेले आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकते, म्हणून कथील धरते. कल्हईवाल्याला समीकरण येत नाही आणि त्याचा प्रयोग एकदाही फसत नाही. सर त्याला पैसे देताना जरा वाकतात.

अभ्यासक्रम मागे राहतो तो राहतोच. कार्बनी संयुगांचा धडा जादा तासांत, रविवारी सकाळी, पळत-पळत उरकावा लागतो. पालक तक्रार करतात. हेडसर बोलावून घेतात. सर ऐकून घेतात आणि म्हणतात, "सर, फॅरडेनं 1860च्या नाताळात लंडनला मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. एका मेणबत्तीवर!" हेडसर म्हणतात, "त्यांना बोर्डाची परीक्षा नव्हती." या उत्तराला सरांकडे तोड नाही, कारण ते खरे आहे.

तुमच्या गावात असे सर असतील तर त्यांना शाल-श्रीफळ देऊ नका. शालीला भोके पडतील. घड्याळातले, रिमोटमधले, टॉर्चमधले संपलेले साधे सेल फेकून न देता त्यांना नेऊन द्या. आतली काळी पूड आणि मधली कांडी काढली की बाहेरचे डबडे शुद्धशा जस्ताचे असते, आणि हायड्रोजन काढायला जस्त लागते. वेतनेतर अनुदान अजून आलेले नाही. देताना एवढे बघा, की सेलवर 'अल्कलाइन' असे छापलेले नसावे. त्याचे कवच पोलादाचे असते, ते सरांच्या कामाचे नाही.